क्रोएशियाचा कॅप्टन

दोन हजार सहाची गोष्ट सांगतो. मी नुकतंच इंजिनिअरिंग सोडलं होतं. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात आमच्या घरी बाबांचे मित्र जोशीकाका चहा पिता पिता माझी हजेरी घेत होते.

"मग आता व्हायचंय काय तुला?"

"क्रोएशियाच्या कॅप्टनसारखं. शनिवारी अवोन्डेलला ट्रायल आहे, पण सोडायला कोणी नाही."

"कॅप्टन? कसा आहे माणूस?"

"आयुष्य परदेशात काढलंय. हाताखाली बावीस माणसं आहेत."

काका एकदम खूश. "याला म्हणतात करिअर. मर्चंट नेव्हीला तोड नाही. शनिवारी मी सोडतो तुला."

"जहाजाचा नाही हो काका, फुटबॉल टीमचा."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे चेंडूमागे पळतो. शनिवारी नाही जमणार, आमच्याकडे सत्यनारायण आहे."

"तो रविवारी आहे. आईला आमंत्रण तुम्हीच दिलंत आत्ता."

काका बाबांना म्हणाले, "तोंड बघ कसं चालतंय याचं."

आणि ज्यांनी या कॅप्टनचा खेळ टीव्हीसमोर बसवून मला दाखवला होता, ते माझे बाबा म्हणाले, "काकांना सॉरी म्हण."