साक्षीला अख्खा मजला

अगं, माझे बाबा बोटीवर आहेत, असं आईने तीन वर्षं अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. खरं तर ते आम्हाला सोडून गेले होते.

मी सातवीत असताना बाईंनी शाळेत सांगितलं, की एकटी आई मुलांना सांभाळत असेल तर सरकारकडून मुलांसाठी दरमहा पैसे मिळतात. आईने अर्ज आणला. त्यात, नवरा सोडून गेल्याचे दोन शेजारी साक्षीदार मागितले होते.

आईने दोन दिवस अर्ज तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सावंतकाकींच्या दारात उभी राहून म्हणाली, "काकी, हे बोटीवर नाहीत."

"आमका म्हायत आसा गो बाय," काकी म्हणाल्या. "ऑफिसात कधी जायचा, ता सांग."

सोमवारी आमचा अख्खा मजला तिथे हजर! साहेब म्हणाले, "अहो, दोघंच लागतात!"

"मग तुम्हीच निवडा," काकी म्हणाल्या. कोणी जागचं हललं नाही.

साहेबांनी दोन सह्या घेतल्या, अर्ज मंजुरीला पाठवतो म्हणाले आणि आईला विचारलं, "नवरा सध्या कुठे असतो?"

सगळ्यांसमोर, मान ताठ ठेवून आई म्हणाली, "माहीत नाही. मुलगी माझ्याकडे असते, तेवढं लिहा."