जहाजाचा शिनेमा आनि आनंदाचा डोळा

माझा जलम चिंचणीचा, समुद्राला लागून घर, भरतीला पानी पार कुंपनापर्यंत यायचं. बापाची होडी होती पन आमी चार भाऊ, होडीवर दोघं पुरत, मंग मी काय करनार, तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम निघालं तसा मी तिकडं रोजावर लागलो. मासेमाराच्या पोरानं डोक्यावर सिमेंट वायचं, आईला आवडलं नाय. पन तिथं जग बघायला मिळालं, काय सांगू तुम्हाला, कुठकुठची मानसं आलेली, कोन सोलापूरचा, कोन नगरचा, हिंदी बोलनारे तर किती, आनि त्यातच माझा आनंदा.

आनंदा कोल्हापूरकडचा. तालमीतला गडी, मान अशी की कॉलरचं बटन लागायचं नाय. आमचं जमलं कशावरून, तर शिनेमावरून. बोयसरला मोकळ्या जागेत तंबू लागायचा, आत जमिनीवर बसायचं, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, रीळ तुटलं की सगळे शिट्ट्या मारायचे. त्या वक्ताला एक पैलवान नट होता, मारामारीचे शिनेमे करायचा, नाव मी घेत नाय, घेववत नाय मला. त्याचा शिनेमा आला की आमी कामावरून तसेच जायचो, अंगावरचं सिमेंटबी न धुता.

नि मंग दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भांडन. त्याचा सगळ्यात भारी शिनेमा कोनता. मी म्हनायचो जहाजाचा, ज्यात तो डोलकाठीवर चढून तलवार चालवतो, एकटा सात जनांशी. आनंदा म्हनायचा, हट, ते नाटक हाय रं, खरा शिनेमा तुरुंगाचा, रिकाम्या हातानं आखाड्यात उतरतो, त्यात एक बी डाव खोटा न्हाई. मी म्हनायचो, समुद्र कधी बघितलास काय, जहाज हलतं तेव्हा उभं राहून दाखव. तो म्हनायचा, माती कधी लावलीस का अंगाला. टपरीवाला म्हनायचा, बाबांनो, चहा तरी प्या, निवतोय. दोन वर्सं हेच. कामावरची अर्धी मानसं त्याच्या बाजूनं, अर्धी माझ्या. भांडायचो नि एकाच डब्यात जेवायचो.

एका रविवारी मी त्याला घरी जेवायला आनला. आईनं बोंबील तळले, पापलेटचं कालवन केलं. त्याला काटे काढता येत नव्हते, आई त्याला काढून देत होती नि हसत होती. जेवून आमी किनाऱ्यावर गेलो. दुपार, ओहोटी, चिटपाखरू नाय. बोंबील वाळत घालायच्या वलांडी हायत ना, त्या बांबूच्या, त्यांच्या सावलीत बसलो नि परत तेच निघालं, जहाज का तुरुंग.

आनंदा उठला. म्हनला, तुझ्या त्या तलवारीचं सोंग आज काढतोच, घे तो बांबू, मार, मी रिकाम्या हातानं धरून दावतो. मी हसलो, म्हटलं बस रं खाली. तो म्हनला, भ्यालास व्हय? आनि मंग म्हनला, तुमी मासं मारणारी माणसं, तुमच्यात दम कुटला.

चेष्टेत म्हनला तो. तोंडावर हसू होतं, मी बघितलं. पन आताच माझ्या आईनं त्याला काटे काढून भरवलेलं, ते आठवलं नि माझं टाळकं फिरलं. एक बांबू सुटा पडला होता, चिरलेल्या टोकाचा. मी उचलला नि मारला. त्यानं हात वर केला, पन उशीर झाला.

आवाज नाय झाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, दोनी हात तोंडावर, नि बोटांतून रगत. मी आनंदा आनंदा करत होतो, आनि त्यानं पयली गोष्ट काय सांगितली म्हायीत हाय? कुनाला बोलू नगंस, मी वलांडीवर पडलो. परत म्हनला, मी पडलो, ध्यानात ठेव.

मीच त्याला पालघरला नेला, तिथून मुंबईला. डावा डोळा गेला. सगळ्यांना त्यानं तेच सांगितलं, पाय सरकला, बांबूवर पडलो. मी बाजूला उभा असायचो. लोक मला म्हनायचे, हरी, तू होतास म्हनून बरं.

महिन्यानं त्याची आई दवाखान्यात आली. एकटी, एसटी नि रेल्वे बदलत, फडक्यात भाकऱ्या नि शेंगदान्याची चटनी बांधून. एवढीशी बाई. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, रडली नाय. मंग मला म्हनली, बाळा, तू हुतास तवा? मी होय म्हनून मान हलवली. मला बोलायचं होतं, तोंड उघडलंबी मी. आनंदा तिच्या पाठीमागं खाटेवर बसला होता, त्यानं त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं नि मान अशी हळूच हलवली, नको म्हनून. नि मी नाय बोललो. आजपर्यंत म्हनतो मी, त्यानं नको म्हटलं म्हनून नाय बोललो. पन ते खरं नाय. माझीच हिंमत झाली नाय. त्या माउलीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, म्हनली, देव तुला औक्ष देवो, माझं लेकरू वाचवलंस. त्या आशीर्वादानं जगतोय बगा मी, वय किती झालं तरी मरत नाय.

पुढच्या वर्साला तंबूत तोच जहाजाचा शिनेमा परत लागला. मला जायचं नव्हतं, त्यानंच ओढत नेला. मी त्याच्या डाव्या अंगाला बसलो होतो, मला बघायचं तर त्याला पुरी मान वळवायला लागायची. तलवारीची मारामारी चालू झाली, लोक ओरडत होते. त्यानं मान वळवली नि म्हनला, तुजंच खरं हाय हरी, ह्योच भारी. दोन वर्सं जो कधी मागं हटला नव्हता तो मला असं म्हनला. मी उठलो नि मानसांच्या पायावर पाय देत भायेर पळालो.

बांधकाम सरलं तसा तो गावी गेला. कुस्ती सुटलीच होती. लग्नाचं पत्र आलं, मी गेलो नाय, उत्तरबी धाडलं नाय. मंग माझंबी लग्न झालं, होडी आली, पोरं झाली. वलांडीवर बोंबील घालताना अजून माझे हात थांबतात. तो हसत होता, ते दिसतं. रगत नाय दिसत, हसू दिसतं.

हे मी कोनाला सांगितलेलं नाय, बायकोलाबी नाय, आज तुम्हालाच पयल्यांदा. टीवीवर जुना मारामारीचा शिनेमा लागला की मी उठून जातो, ती समजते म्हाताऱ्याला शिनेमा आवडत नाय. आता ती आत भांडी घासत होती, आवाज थांबलाय, बगा. ऐकलंन तिनं सगळं. दारात येऊन उभी हाय. मला वाटलं, काय बोलते कोन जाने. ती एवढंच विचारते, जिता हाय का तो? मी म्हटलं, मला म्हायीत नाय ग. ती म्हनते, गाव कोनतं त्याचं?

एवढ्या वर्सांत मी त्या गावाचं नाव तोंडातून काढलेलं नाय. आता काढलं. ती म्हनते, कागदावर लिवून घ्या, सकाळी निघू. हिचे गुडघे पायरी चढू देत नायत नि ही कोल्हापूरला निघाली. तुमच्याकडं पेन हाय ना, लिवा मंग. तो नसला तरी घरात कोनतरी असंलच, त्यांना सांगू.