तीन मिनिटांपुरतं यंत्र

दादा : पुन्हा म्हण. 'माझे बाबा त्या टाकीत उतरले' इथपर्यंत झकास येतेस. मग थांबायचं. मनात तीन मोजायचे. परीक्षकांना आवंढा गिळायला वेळ दे.

धाकटी : मी मुद्दाम थांबत नाही, दादा. माझा आवाज जातो.

दादा : जाऊ दे की, तेच हवंय. फक्त रडू नकोस, रडण्यात वेळ जातो. उद्या समोर चाळीस गट असणार आणि आपल्याला मिळणार तीन मिनिटं.

धाकटी : बाबांना तेवढीही मिळाली नाहीत.

दादा : हे वाक्य घे. शेवटी टाकू.

धाकटी : टाकीतला गॅस मोजायचं हे यंत्र सारखं बारा का दाखवतंय?

दादा : विषय बदलू नकोस. मी हा गट चालवतोय, पण आजवर यातलं एकही पोर हॅकेथॉनच्या, या यंत्रं बनवायच्या स्पर्धेच्या, दुसऱ्या फेरीत गेलेलं नाही. या खोलीत बसून आपण नुसते वायरींशी खेळतो, असं लोक म्हणतात.

धाकटी : मघाशी खिडकीत ठेवलं तेव्हा बारा. आत्ता त्याच्या तोंडाशी लायटरचा गॅस सोडला, तरी बाराच. दिवा हिरवा.

दादा : अगं, डेमो आहे तो. सेन्सर तापायला वीस मिनिटं घेतो. तोवर परीक्षक काय जांभया देत बसणार? म्हणून मी कोडमध्ये आकडाच लिहून टाकला. मागचं बटण दाबलं की नव्वद होतो, दिवा लाल, भोंगा चालू. सगळेच असं करतात. खरं यंत्र जिंकल्यावर करू.

धाकटी : मला का नाही सांगितलंत?

दादा : तुला खोटं जमत नाही. तोंडावर लगेच दिसतं.

धाकटी : आपण दोन यंत्रं जोडली होती. दुसरं कुठाय?

दादा : काकांकडे. ते नाही का, तुझ्या बाबांबरोबर कारखान्यातल्या टाक्या धुवायचे? गुरुवारी सरावाला आले होते, तेव्हा दिलं. कामगाराच्या हातात यंत्र, असा एक फोटो हवा होता मला.

धाकटी : गुरुवारी त्यांच्यापुढे मी काय बोलले होते?

दादा : पाठ केलं होतंस ते.

धाकटी : तुमच्या तोंडाने सांगा. लिहिलंय तुम्हीच.

दादा : 'दिवा हिरवा असेल, तर निर्धास्त उतरा.'

धाकटी : अठरा वर्षं बाबांच्या शेजारी राबलेला माणूस. तुम्ही म्हणाला असतात तर हसला असता. माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं.

दादा : त्यांना बजावलंय मी, नुसतं हातात धरा आणि फोटो पाठवा. शिवाय आज शनिवार. कारखाना बंद.

धाकटी : कारखाना बंद असतो म्हणूनच टाक्या शनिवारी धुतात. बाबा गेले तो शनिवारच होता. भाषणात तुम्हीच घातलाय तो. लिहिताना डोकं कुठं होतं तुमचं?

दादा : थांब. मी फोन लावतो त्यांना.

धाकटी : तुम्ही नको. तुम्ही गुळगुळीत काहीतरी बोलाल.

(ती फोन कानाला लावून उभी राहते. बराच वेळ घंटी वाजल्यावर पलीकडे काकांची बायको फोन उचलते.)

धाकटी : मावशी, मी बोलतेय. काका कुठायत? ... कधी? ... आणि फोन तुमच्याकडे? ... मावशी, नीट ऐका. ते यंत्र खोटं आहे. हो, माझंच. खोटं आहे. तुम्ही आत्ता निघा, फाटकावर जाऊन त्यांना वर बोलवायला सांगा. मीही येतेय. आभार नका मानू, मावशी. पळा.

दादा : काय झालं?

धाकटी : सकाळीच गेलेत. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून घरी ठेवलाय. बाजूला व्हा, चप्पल घालू द्या.

दादा : अगं, पण वर दोर धरून एक माणूस असतोच ना? काही वाटलं तर ओढून घेतात.

धाकटी : दर वेळी मावशीचा भाऊ असतो. आज काकांनीच त्याला नको म्हटलं. म्हणाले, तू झोप निवांत, पोरीनं दिवा दिलाय.