आधीचे कसे होते

आजच्या सभेच्या सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीशबाई. आपल्या मालिकेतल्या यानाचे विद्यमान कप्तान आणि आजचे प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे डॉक्टर म्हणता आणि मी भाऊजी म्हणतो. हे सभागृह आपल्याला वापरू देणाऱ्या ग्रंथपालबाई. प्रेक्षक मंडळाचे आजी, माजी आणि रुसलेले सभासद. आणि चहा आहे असं कळल्यामुळे मागच्या रांगेत येऊन बसलेले सज्जन हो,

निरोपाच्या भाषणाला खरं म्हणजे वार्ताहराला उभं करू नये. दुसऱ्यांची दोन तासांची भाषणं चार ओळींत उरकण्यात आमचं आयुष्य जातं. त्यात माझं शिक्षण संस्कृत पाठशाळेतलं, म्हणजे चार ओळींचं भाष्य चारशे पानांत करण्याची सवय. या दोन्ही व्याधी एकाच देहात असल्यामुळे माझं भाषण कधी संपेल हे मलाही सांगता येत नाही. पण मघाशी व्यासपीठावर चढताना भाऊजींनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "सगळं सांग. काही झाकू नकोस. पण आटोपतं घे. तुझ्या ताईला शेजारच्या काकूंच्या हवाली करून आलोय."

तेव्हा परवानगीही आहे आणि ताकीदही.

भाऊजी दातांचा दवाखाना बंद करताहेत आणि मंडळाचं अध्यक्षपदही सोडताहेत. आपल्या दृष्टीनं या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, कारण आपलं मंडळ भरत आलं ते त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. दर शनिवारी संध्याकाळी रुग्ण गेले की खुर्च्या भिंतीवरच्या पडद्याकडे वळायच्या, लवंगेच्या तेलाच्या वासात चहाचा वास मिसळायचा आणि आपलं यान निघायचं. मालिकेबद्दलची भाऊजींची मतं ठाम होती आणि ती मांडायला त्यांना अनुकूल श्रोतेही मिळत. ज्याचं तोंड उघडं आहे आणि आत दोन अवजारं आहेत, असा माणूस प्रतिवाद करीत नाही. या गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्या कप्तानाची थोरवी त्या खुर्चीत, डोळ्यांत पाणी आणून ऐकली आहे.

मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. या मालिकेतलं यान इतक्या लांबच्या ताऱ्याकडे निघालंय की त्यात बसलेल्यांपैकी कोणी तिथं पोहोचणार नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी रोज सकाळी कप्तान येऊन खुर्चीत बसतो आणि विचारतो, "आज काय बिघडलंय?" वीस वर्षांहून अधिक काळ हा कप्तान एकाच नटानं केला. मग तो थकला आणि घरी बसला. मालिकेनं काय करावं? एका शनिवारी कप्तान दाराआड गेला. पुढच्या शनिवारी त्याच दारातून, तोच गणवेश घालून, तेच नाव लावून दुसराच माणूस बाहेर आला. यानावर कोणालाच फरक कळला नाही. फरक कळला तो फक्त आपल्याला.

आणि आपण काय केलं, ते पाहुण्यांच्या समोर सांगायला मला संकोच वाटतो. तरी सांगतो. अध्यक्षबाईंनी दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून न घेता निकाल दिला. उभ्या आयुष्यात त्यांनी असं एकदाच केलं. शिंपीदादा म्हणाले, "खांद्यात बघा. पहिल्याचाच गणवेश आत दाबून दिलाय याला. नवा शिवायचीसुद्धा लाज वाटली त्यांना." एका सभासदानं राजीनामा दिला आणि महिन्याभरात परत घेतला, कारण घरी याविषयी कोणी भांडायला तयार होईना. मंडळाच्या निषेधाचं पत्रक मी आमच्या वर्तमानपत्रात दिलं. संपादकांनी ते 'हरवले आहे' या सदरात छापलं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आमच्या संपादकांना बातमी कळते.

आणि भाऊजी? भाऊजींनी फर्मान काढलं की नव्या कप्तानाच्या पहिल्या भागाला सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करून बसायचं. आपण बसलो. मोठी माणसं, भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे तोंड करून. वळली नाही ती एकटी माझी ताई. तिला म्हटलं, "ताई, अगं, निषेध आहे." ती म्हणाली, "तुमचा असेल. त्या बिचाऱ्यानं माझं काय घोडं मारलंय?" मग तीच आम्हाला सांगत राहिली. "आता आत आला. आता खुर्चीपाशी उभा आहे. बसला. जपून बसला हो, दुसऱ्याच्या खुर्चीत बसतात तसा." आणि भाऊजी तक्त्याकडे बघत म्हणाले, "बसेना का. मी ओळखत नाही त्याला."

त्यावर आपण सगळे हसलो होतो.

पुढच्या वर्षी ताईचं विसरणं सुरू झालं. आमच्या घराण्यात विसरभोळेपणाला कधी आजार म्हणत नसत, विद्वत्तेचं लक्षण म्हणत, त्यामुळे आम्ही बरेच दिवस कौतुकच करीत राहिलो. मग एका सकाळी तिचा मला फोन आला. आवाज हळू, दाराआडून बोलल्यासारखा. "अरे, ह्यांना बदललं रे."

"कोणाला?"

"ह्यांना. काही कळवलं नाही, सवरलं नाही. नवीन माणूस आणून ठेवलाय. चष्मा तोच दिलाय, सदरा त्यांचाच आहे. पण हे ते नाहीत."

या दुखण्यातली माणसं घरात चोर शिरलाय म्हणतात, कोणी परका आलाय म्हणतात, असं तज्ज्ञ सांगतात. वीस वर्षांचे शनिवार आपल्यासोबत काढलेली माझी ताई म्हणाली, नट बदललाय. अशी चूक आपल्याच मंडळातलं माणूस करू जाणे.

पाठशाळेत आम्हाला प्रत्यभिज्ञा शिकवली होती. ओळख पटणं म्हणजे समोर दिसणारा 'हा' आणि मनात जपलेला 'तो' यांची गाठ पडणं. गुरुजी विचारायचे, 'हा' नीट दिसतोय, 'तो' नीट आठवतोय, आणि तरी गाठ पडली नाही तर? आम्ही म्हणायचो, असं होणारच नाही. परीक्षेत त्याला गुण मिळायचे. ताईचा 'हा' शाबूत होता, 'तो' त्याहून शाबूत होता. मधला सांधा तेवढा निखळला होता.

भाऊजींनी काय करावं? ते वाद घालू लागले. लग्नातला फोटो दाखवला. पदवीचा कागद दाखवला. दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसतील अशा गोष्टी सांगितल्या. ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठांतर चांगलं आहे हो तुमचं."

हळूहळू ती त्यांच्या हातचं खाईना. खोलीला आतून कडी लावू लागली. घर वर, दवाखाना खाली. भाऊजी खाली येऊन रुग्णांच्या खुर्चीत झोपू लागले. मला म्हणाले, "त्या खुर्चीत माणसाचं तोंड आपोआप उघडतं. इतकी वर्षं मला वाटायचं, लोक माझं ऐकून उघडतात." त्यांचा विनोद तेवढाच उरला होता. भाची लांबच्या शहरात नोकरीला. ती येऊन सगळं बघून गेली आणि तिनं एका शुश्रूषागृहात आईसाठी जागा ठरवली. तिचंही चूक नव्हतं. आई घाबरते, बाबा खुर्चीत झोपतात, असं किती दिवस चालणार? पहिल्या तारखेला न्यायचं, असं ठरलं. भाऊजी हो म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात आपल्या प्रमुख पाहुण्यांची दाढ दुखू लागली.

त्यांच्या दाढेविषयी जाहीर बोलण्याची अनुमती मी मघाशी चहाच्या वेळी घेतली आहे. चित्रीकरण जवळपास कुठेतरी चाललं होतं. कोणीतरी पत्ता दिला आणि गाल धरून कप्तान दवाखान्यात हजर झाले. मदतनीस बाई सांगतात, बाहेर बसलेल्या आपल्या दोन सभासदांनी वर्तमानपत्रं तोंडासमोर धरली. त्यातलं एक उलटं होतं. आत भाऊजींनी दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं, बराच वेळ दाढेकडे बघितलं. मग म्हणाले, "एक विचारू? सगळ्यांना दुसराच हवा असताना तुम्ही त्याच्या जागी रोज उभे कसे राहता?"

आणि मग भाऊजींनी अवजारं बाजूला ठेवली. मदतनीस बाई तीस वर्षं तिथं आहेत. रुग्णाचं उत्तर ऐकण्यासाठी डॉक्टरांनी हात बाहेर काढलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

पाहुणे जे म्हणाले ते भाऊजींनी मला शब्दशः सांगितलं आहे. "डॉक्टर, सुरुवातीला मी 'मीच कप्तान, मीच कप्तान' असं पटवत बसलो. कोणाला पटलं नाही. मग लक्षात आलं, हे लोक माझ्यावर चिडलेले नाहीत. यांचं माणूस गेलंय. आणि माणूस गेलेल्या घरी भेटायला गेल्यावर आपण 'आता मी आलोय ना' असं म्हणतो का? आपण जवळ बसतो आणि विचारतो, कसे होते हो ते? तसं विचारायला लागलो. लोक बोलतात. बोलता बोलता मला बसायला जागा देतात."

भाऊजींनी दाढ भरली. फी घेतली नाही, असं पाहुणे म्हणतात; घेतली, असं मदतनीस बाई म्हणतात. मी बाईंवर विश्वास ठेवतो.

त्याच दुपारी भाऊजी वर गेले आणि त्यांनी स्वतःच्या घराचं दार वाजवलं.

"कोण?"

"नवीन आलोय. बसू का जरा?"

मग कडी निघाली. "बसा."

ते बसले. आणि त्यांनी विचारलं, "आधीचे कसे होते?"

ताई बोलू लागली. "हट्टी. माणसाचे दात सोडून दुसरं काही दिसायचं नाही त्यांना. पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, तुमचा डावीकडचा सुळा फार छान आहे. मी घरी जाऊन आरशात बघितला. तोवर मला सुळा आहे हेच माहीत नव्हतं." मग म्हणाली, "मला एकदा मोठं दुखणं आलं होतं. तेव्हा दवाखाना बंद ठेवून जिन्यात बसून असायचे. आत येऊन विचारायचा धीर नाही. त्यांना वाटायचं मला कळत नाही. खोकायचे ना मधूनमधून. तो खोकला ऐकला की मी झोपायची."

भाऊजी म्हणाले, "हे सांगितलं होतंत त्यांना?"

"नाही. राहून गेलं."

"कळलं असेल त्यांना."

"कसं कळेल?" ताई म्हणाली. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

"थोडंफार," भाऊजी म्हणाले.

सभ्य स्त्री-पुरुष हो, मी पुष्कळ सभांचा वृत्तांत लिहिला आहे. या सभेला दोनच माणसं हजर होती आणि तिचा वृत्तांत मला नीट लिहिता येणार नाही. एवढं सांगतो की भाऊजी मग रोज जाऊ लागले, रोज दार वाजवून. कधी कडी निघते, कधी निघत नाही. निघाली की ते स्वतःविषयी ऐकतात. चांगलं ऐकतात, वाईटही ऐकतात, आणि ज्या गोष्टी चाळीस वर्षांत नवऱ्याला सांगायच्या राहून गेल्या त्या ती या परक्या माणसाला सांगते. 'मीच तो' हे शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत. ते किती जड जात असेल, याचा मला अंदाज नाही. महिना संपायच्या आत एक दिवस ताई म्हणाली, "तुम्ही खाली कशाला झोपता? त्यांची खोली रिकामीच असते." त्या संध्याकाळी भाऊजींनी भाचीला फोन करून शुश्रूषागृहाची जागा सोडायला सांगितली. पण ताईला आता दिवसभर कोणीतरी जवळ लागतं. म्हणून दवाखाना बंद, म्हणून शनिवार बंद, आणि म्हणून आजचा हा समारंभ.

ती बरी होणार नाही. हे मी व्यासपीठावरून सांगतोय, कारण उद्यापासून तुम्ही भाऊजींना रस्त्यात गाठून विचाराल, आणि त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये. ती अजून मला ओळखते. कुठवर, ते ठाऊक नाही. माझ्या जागी नवीन माणूस येईल तेव्हा त्यानं कसं वागायचं, ते मी भाऊजींकडे बघून शिकतो आहे.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. भाऊजी चहा करायला आत गेले तशी ताईनं मला जवळ बोलावलं. "हे नवीन. स्वभावानं बरे आहेत. चहा जरा पांचट करतात." मग माझा हात धरून म्हणाली, "मला एक सांग. ते परत आले तर ह्यांना जायला सांगावं लागेल का रे?"

भाऊजी कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "सांगायला कशाला हवं? ते आले तर मी आपणहून जाईन."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "नको. दोघंही राहा."

असो.

अध्यक्षबाईंनी मला बोलू दिलं, पाहुणे स्वतःची गाडी हाकत आले, ग्रंथपालबाईंनी सभागृह दिलं, मदतनीस बाईंनी खरं तेवढंच सांगितलं. या सर्वांचा आणि तुमचा मी मनापासून आभारी आहे. बोलताना कोणाची थट्टा झाली असेल, कुठे शब्द कमी पडले असतील किंवा एखाद्याच्या घरातलं फार उघडं झालं असेल, तर ते पदरात घ्या; माझं माणूसही त्याच घरात बसलं आहे. शाल, श्रीफळ, हार यांतलं काही भाऊजींनी घेतलेलं नाही, फक्त टाळ्या चालतील म्हणाले. त्या वाजवा. मग त्यांना जाऊ द्या, आणि दारात कोणी थांबवू नका.