राज्यवाल्याचं अमृत

—ऐकू येतोय, काका, हॉर्न ऐकू येतोय मला. कान चालू आहेत. कान, डोळे आणि तोंड. बाकीचं बंद आहे. तेवढं तुमच्या मुकादमाला सांगा, म्हणजे तो लांबून हातवारे करत बसणार नाही. तुम्ही रोलरवरून उतरून आलात ते बरं केलंत, इंजिनाच्या आवाजात सगळं शिवीसारखंच वाटतं. नाही हो, दारू नाही. हवं तर जवळ येऊन वास घ्या. जवळ या, पण हात लावू नका. एवढं एकच सांगणं आहे—हात लावायचा नाही.

उभा का म्हणजे? विष आहे मला. अहो, थांबा, धावाधाव करू नका, प्यायलो नाही काही—खेळातलं विष. विषामृत. लहानपणी खेळला नाहीत? ज्याच्यावर राज्य तो पळत येतो, तुम्हाला हात लावतो, ‘विष’ म्हणतो, की तुम्ही जिथे असाल तिथे, जसे असाल तसे, दगड. मग दुसऱ्या कुणीतरी येऊन हात लावायचा, ‘अमृत’ म्हणायचं, की तुम्ही सुटलात. सुटलात की पळायचं. सुटूनही उभा राहिला तो बाद. एवढाच खेळ. सगळं शहर खेळायचं, पण आमच्या गल्लीसारखं कुणी नाही, कारण आमच्या गल्लीत नियम होते, आणि नियम माझा दादा करायचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. एवढा घोडा झाला तरी आमच्यात खेळायचा, आई म्हणायची, अरे तुझ्याएवढ्या पोरांना मिशा फुटल्या, तर म्हणायचा, मिशा फुटल्या म्हणून पाय मोडले का. शाळा मी सहावीत सोडली, पाढे विचाराल तर बाराच्या पुढे अंधार, पण गल्लीचे नियम झोपेतून उठवून विचारा.

तर नियम असे. विष मिळालेल्याने हलायचं नाही, बोललं तर चालतं. अमृत नुसतं तोंडाने देऊन चालत नाही, हात लागलाच पाहिजे. हात खेळातल्याच माणसाचा पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागला तर तो धरायचा नाही. ज्याच्यावर राज्य, म्हणजे ज्याने विष दिलं, त्याने अमृत द्यायचं नाही—हे महत्त्वाचं आहे, हे लक्षात ठेवा. आणि टाईमप्लीज जेवायला, झोपायला आणि मोरीला. म्हणून तर मी रात्री घरी जातो. तुम्हाला काय वाटलं, एकोणीस दिवस सलग उभा आहे? माणूस आहे हो मी. संध्याकाळी टाईमप्लीज घेतो, सकाळी ही लाँड्री उघडायच्या आत परत येऊन इथेच, याच फरशीच्या कडेला, असाच. डावा पाय असा, उजवा हात असा वर. हात? हात असाच होता. ते नंतर.

हसताय तुम्ही. हसा, गल्ली पण हसायची. मी सात वर्षांचा असताना त्या नळापाशी दादाने मला विष दिलं आणि नेमका सगळ्यांना जेवायला हाका आल्या. सगळे पळाले, दादासुद्धा. मी उभा. एका पायावर, कारण पळताना धरला गेलो होतो आणि दुसरा पाय हवेत होता. भाजीवालीने भाव करायला दोन हात मोकळे हवेत म्हणून तिची पिशवी माझ्या हातात अडकवली. दूधवाल्याने विचारलं, बाळा, चार नंबरचं घर कुठलं, मी डोळ्यांनी दाखवलं, तर तो उलट दिशेला गेला. एक कुत्रा आला, त्याने मला हुंगलं, खांब समजला आणि पाय वर केला. मी हललो नाही. मग आई आली, तिने पाठीत असा धपाटा घातला की दातांना दात लागले. तरी हललो नाही. आईला म्हटलं, तू खेळात नाहीस. आई रडायला लागली, म्हणाली, पोराला काहीतरी झालंय. तेव्हा दादा ताटावरून उष्ट्या हाताने उठला, घरोघर जाऊन अख्खी टोळी जेवणातून उठवून आणली, आणि तो स्वतः हात लावत नव्हता बरं का, राज्य त्याच्यावर होतं ना—चष्मा नावाची एक मुलगी होती, तिला म्हणाला, तू लाव. तिने लावला. मी सुटलो आणि धाडकन पडलो. त्या दिवसापासून माझं नाव खांब. दादा ज्याला त्याला सांगायचा, माझा भाऊ म्हणजे शब्दाचा पक्का, याच्यावर छप्पर टाका, हलायचा नाही.

हो, हो, डांबर गार होतंय, कळतंय मला. मी पण कामाचाच माणूस आहे, रंग सुकायला लागला की जीव कसा होतो ते मला सांगू नका. एक करा, माझ्याभोवती टाका. एवढा हातभर चौकोन सोडा, बाकी सगळी गल्ली करून टाका, काळी कुळकुळीत. मला हरकत नाही. चौकोनाबद्दल कुणी विचारलं तर सांगा, गटाराचं झाकण यायचंय. कुणी विचारत नाही. या शहरात रस्त्यातल्या खड्ड्याला कुणी कारण विचारलंय कधी?

खेळात कोण कोण आहे म्हणता? म्हणजे मला सोडवणार कोण, असंच ना? तसे आहेत. चष्मा आहे, आता दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठ्या फाडते. ती आली होती घरी भेटायला, चौथ्या दिवशी. मी टाईमप्लीजवर होतो, पण म्हटलं, न जाणो, ही चटकन खांद्यावर हात ठेवायची आणि तोंडातून काहीतरी निघायचं, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून, खांदे भिंतीला टेकवून उभा राहिलो. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तो मी तोंडाने घेतला, तसाच, वाकून. तिला वाटलं, दुःखाने. आणि एक पोस्टमन आहे—ते ऐका, ते ऐकण्यासारखं आहे. एक पोरगा होता, बाद झाला की दर वेळी म्हणायचा, मला हा नियम माहीतच नव्हता. दादा वैतागला. तो त्या लाँड्रीच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने म्हटले, आणि म्हणाला, आता शेवटचा नियम—ज्याने सगळे नियम ऐकले तो खेळात. विचारायचं नाही, नाही म्हणायचं नाही. आणि बघतो तर काय, पोस्टमन सायकल धरून उभा, त्याने पण सगळं ऐकलेलं. झालं. पुढची सुट्टीभर तो बिचारा गल्लीत शिरताना वाकून दोन्हीकडे बघायचा. एकदा चार नंबरच्या दारात दादाने त्याला गाठलाच. ‘विष.’ पोस्टमन उभा. हातात पत्र, पत्र दाराच्या फटीत अर्धं. आतून कुणीतरी ओढतंय, हा सोडत नाही. सरकारी माणूस, पण इमानदार. मीच हात लावला त्याला. खाकी सदरा घामाने भिजलेला, अजून बोटांना आठवतंय. सुटल्यावर पळाला सुद्धा, सायकल तिथेच टाकून. आता कुठे असेल कोण जाणे.

ही पाटी? ही बघताय का? आमचीच. दादा पाट्या रंगवायचा आणि मी शिडी धरायचो. मी डबे पण धुवायचो, अक्षरं सरळ यावीत म्हणून भिंतीवर दोरी मारून रेघ पाडून द्यायचो, पण मुख्य काम शिडी. ‘चकाचक लाँड्री.’ बघा ना, अक्षर बघा, छापल्यासारखं. फक्त त्या शेवटच्या ‘री’ची वेलांटी—हो, ती तिथून खाली गेली. भिंतीवरून, खिडकीच्या कडेवरून, थेट फरशीपर्यंत. लाँड्रीवाला पुसत नाही. परवा एक गिऱ्हाईक त्याला म्हणालं, नवीन पद्धत वाटतं, छान आहे. लाँड्रीवाला आत निघून गेला आणि बराच वेळ इस्त्रीच करत बसला, एकाच शर्टाला. जाळला तो शर्ट.

एकोणीस दिवस झाले, काका.

हात असा का ते विचारत होतात. इथे शिडी होती. ही बोटं आहेत ना माझी, याच्यापुढे चार बोटांवर. मोजून चार. हात नुसता मिटला असता तरी लाकूड हातात होतं. बघा तुम्ही, तुमचा हात मधे धरा, माझ्या हाताला न लावता धरा—बघा, किती आहे? काहीच नाही ना? एवढ्यात तर चहाचा पेला पण मावत नाही.

त्या दिवशी रुसलो होतो मी. आता काय सांगायचं, चोवीस वर्षांचा माणूस रुसतो का? मी रुसतो. मी म्हटलं, दादा, आज ‘री’ मी काढणार. सात वर्षं शिडी धरतोय, एक अक्षर दे. तर म्हणाला, तुझी वेलांटी पडते रे, अजून हात बसला नाही. मी तोंड फुगवलं. तो चढला, रंगवायला लागला, मी खाली धुमसतोय. त्याला कळलं. त्याला माझं सगळंच कळायचं, नुसता श्वास ऐकून कळायचं. तर वरून पाय खाली सोडला, अंगठा माझ्या डोक्याला लावला आणि म्हणाला, ‘विष. आता तोंड आहे तसंच ठेव, लाँड्रीवाल्याला दाखवू.’ पस्तीस वर्षांचा बाप्या. मी दोन्ही हात काढले आणि उभा राहिलो. तो म्हणाला, अरे धर. मी म्हटलं, विष आहे. तो हसला. म्हणाला, बरं बाबा, अमृत. मी म्हटलं, नुसतं तोंडाने चालत नाही. त्याने परत पाय खाली केला, लावायला. मी म्हटलं, राज्यवाल्याचं अमृत चालत नाही, नियम तुझाच आहे. तर त्याला एवढं हसू आलं, एवढं, एका पायावर होता आणि दुसरा पाय हवेत, आणि हसला की तो सगळाच हलायचा, डोक्यापासून—

आणि मी नाही हललो. पुढचं मी सगळं बघितलं, डोळे चालू होते ना. ब्रश भिंतीवरून खाली येताना बघितला. त्यानंतर पण नाही हललो. लाँड्रीवाल्याने आणि आणखी एकाने मला उचलून, काका, स्टुल उचलतात तसं उचलून बाजूला ठेवलं, कारण मी वाटेत होतो.

आता मला असं विचारू नका की खेळ होता का राग होता. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. आई म्हणते, नशीब. चष्मा म्हणाली, तुझी चूक नाही. सगळे अमृतच द्यायला येतात आणि एकालाही विचारावंसं वाटत नाही की चार बोटं अंतर होतं ना रे, मग. मी स्वतःला विचारतो, पण मी शाळा सोडलेला माणूस, माझं उत्तर दर वेळी वेगळं येतं. म्हणून उभा राहतो. उभं राहिलं की उत्तर लागत नाही. विष आहे म्हटलं की झालं, नियम आहे तो.

हां. आता जा तुम्ही. चौकोन सोडा आणि—काका, तुम्ही हातमोजा का काढताय?

नाही, नाही, पुढे येऊ नका. तुम्ही खेळात नाही. तुम्ही रोलरवाले, परके, तुमचा हात धरायचा नाही, धक्क्यात जमा. आपलं ठरलंय ना, हात लावायचा नाही. काय? कुठले नियम? हो, सांगितले मी तुम्हाला. सगळे? सगळेच सांगितले असतील, मला काय, सुरू झालो की—शेवटचा पण सांगितला. पोस्टमनचा.

तुम्ही ऐकायचं नव्हतंत ना, काका. एवढ्या आवाजात कशाला ऐकलंत.

नका. त्याला बोलावतो मी, त्या पोस्टमनला शोधून आणतो, तोवर असू द्या. उद्या या. तिकडून सुरू करा, नळापासून, इकडे उद्या—

किती गरम हात आहे तुमचा.

तो शब्द नका म्हणू. नुसता हात असू द्या, नुसत्या हाताने काही होत नाही, दोन्ही लागतं, शब्द आणि—

म्हणालात.

बरं. सोडा आता हात. सोडा, पडत नाही मी. मुंग्या आल्यात नुसत्या. सुटलेल्याने उभं राहायचं नसतं, बाद धरतात, पळायचं असतं लगेच. पण पळायचं ते राज्यवाल्यापासून, काका. तो कुठे आहे? कुठल्या बाजूला पळू?

जाऊ द्या. तुमचं डांबर गार होतंय. चला, व्हा बाजूला, आत लाँड्रीत शिडी ठेवलीये, ती आणायचीय मला. आणि त्या भिंतीच्या कडेने रोलर जरा जपून घ्या.