टोपाखालचे आठ कागद

"शनिवार, चौदा ऑक्टोबर. पाऊस पहाटे चार वाजून दहा मिनिटांपासून, मध्ये खंड नाही. वारा नैऋत्येचा, बेताचा. अंगणातल्या मापाच्या नळीत सकाळी अकरापर्यंत सव्वा इंच." — वहीतलं वाचून दाखवतोय, कारण तुम्ही आल्या आल्या सरळ विचारलंत, हा पिकअपवरचा टोप गळतो का म्हणून, आणि सरळ विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो. गळतो. जाहिरातीत तसं नव्हतं, मला माहितेय — जाहिरात माझ्या बायकोनं लिहिली, रोझलीनं. ती म्हणाली, आर्नी, 'गळतो' असं लिहिलंस तर तुझा टोप बघायला काळं कुत्रंही यायचं नाही. म्हणून तिनं लिहिलं, 'भर पावसात तपासलेला.' हे काही खोटं नाही. तीन वर्षं भर पावसातच तपासतोय. तुम्ही इकडे या, ओसरीवर, तिथे पन्हळीचं पाणी मानेत जातं. आणि हे बघा, वेंडेल — वेंडेलच म्हणालात ना फोनवर? — तुम्ही अकरा वाजता येणार होतात आणि आता पावणेदोन झालेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी खिडकीशी बसून होतो, एवढंच. पावसाचा शनिवार म्हणजे एरवी मी कधीचा त्या टोपाखाली जाऊन बसलो असतो.

का म्हणजे? गळती पकडायला. बाहेरून कशी दिसणार गळती? पिकअपच्या हौद्यावर टोप बसवला, की वरून सगळं कसं चकाचक दिसतं — पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना सरकत्या काचा, मागे वर उघडणारं दार. बघून कुणीही म्हणेल, नवराबायको सुखानं झोपत असतील याच्यात. आम्ही झोपत होतो. याच्यात नव्हे — याच्याआधी जो होता त्याच्यात, प्लायवूडचा, माझ्या मेव्हण्यानं ठोकलेला. त्याच्या फटीतून बोट जायचं. सत्तावीस वर्षं दर ऑक्टोबरात मोठ्या ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर शिंपले खणायला जायचो, आणि रात्री गाडीच्या हौद्यातच, त्या खोक्याखाली. वारा सुसाट आत. पण पाणी? एक थेंब नाही. मग ते खोकं कुजलं आणि मी हा घेतला. चांगला, घट्ट, कारखान्यातला. आणि पहिल्याच मुक्कामाला पहाटे रोझली मला कोपरानं ढोसते — आर्नी, माझ्या कानात पाणी पडतंय. मी म्हटलं, स्वप्न बघतेयस. ती म्हणाली, हात लाव. हात लावला. ओला. उजवा कान.

मी घड्याळ लावून बसलो — दर अकरा सेकंदांना एक थेंब, बरोब्बर त्याच जागी. मी म्हटलं, रोझली, हललीस तर मोजणी चुकेल. ती हलली. उशी घेऊन पुढच्या सीटवर गेली, स्टिअरिंगच्या खाली गुडघे घालून झोपली, आणि दुसऱ्या दिवशी शिंपले खणताना माझ्याशी फक्त फावड्याबद्दल बोलली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय, सिलिकॉन भरायचं. भरलं. मी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावतो, वेंडेल, तीस वर्षं — मला केसाएवढी फट दिसते. सगळ्यात आधी टोप आणि हौद्याचा काठ यांच्यामधली फोमची पट्टी बदलली. मग पुढची कड. मग मागच्या दाराच्या वरचा तिसरा ब्रेकलाइट — लोक म्हणतात नेहमी तिथूनच येतं, म्हणून तो काढून पुन्हा बसवला, चार वेळा. खिडक्यांच्या चौकटी. मागच्या फाळक्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी — त्या तर करंगळी जाईल एवढ्या होत्या, रबर घालून बंद. खिडक्यांखाली बारीक भोकं होती ओळीनं, कशाला ठेवतात देव जाणे, तीही बुजवली. आता त्याच्यात माशी जाईल तर नाव बदलेन. आणि तरी गळतो. म्हणजे काय सांगू तुम्हाला — जितकं बुजवावं तितकं जास्त. पहिल्या वर्षी दोन कागद ओले व्हायचे, गेल्या वर्षी पाच, यंदा आठच्या आठ.

कागद म्हणजे ही माझी पद्धत आहे. स्वयंपाकघरातले पुसायचे कागद, आठ तुकडे, गादीवर ठरलेल्या जागी मांडायचे, प्रत्येकावर आकडा. आठवा रोझलीच्या कानाच्या जागी. मग मी आत शिरायचं, दार ओढून घ्यायचं, काचा घट्ट लावायच्या — नाहीतर चाचणीला अर्थ काय — आणि बॅटरी घेऊन वर बघत बसायचं. चार-चार तास बसतो. थंडी वाजते म्हणून गॅसची छोटी शेगडी. थर्मासमध्ये कॉफी. मफिन पण येते, आमची कुत्री, ओली असते पण बाहेर ठेवली तर रडते. आणि मग लिहायचं, कुठला कागद किती वाजता ओला झाला ते.

शेजारचा गस म्हणाला, असं पावसाची वाट बघत काय बसतोस, मी होजपाईप धरतो. धरला. आता या टोपाची कडी बाहेर आहे, ती लागली की दार आतून उघडत नाही, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. गसनं कडी लावून मारलं पाणी दहा मिनिटं, मग त्याच्या घरात फोन वाजला आणि तो गेला, तो गेलाच. मी आतून ठोकतोय. तासाभरानं रोझली आली, काचेला नाक लावून आत बघितलं. म्हणाली, गळतोय का? मी म्हटलं, हो. म्हणाली, बरं. आणि गेली आत. तिला वाटलं, मी मुद्दाम बसलोय. तिची चूक नाही. तोवर माझी तशी ख्याती झाली होती.

पण सर्वात अवघड प्रकरण लाल पाण्याचं. ते ऐका, तुम्ही डोकं चालवणारे दिसता. मी बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग कालवला, आणि गसला सांगितलं, हे टोपावर ओत, हळूहळू, प्रत्येक जोडावर. म्हणजे जिथून येईल तिथे लाल डाग पडेल. तो ओततोय, मी आत. तासाभरानं बाहेर आलो. अंगण लाल, गस लाल, मफिनचे पाय आठवडाभर लाल. आणि आतले कागद? ओलेचिंब. पांढरे. एक लाल ठिपका नाही. आता बोला. वहीत मी काय लिहिलंय, वाचतो — "बाहेरचं पाणी आत येताना फोमच्या पट्टीत गाळलं जात असावं." रोझलीनं ते वाचलं आणि म्हणाली, मग तो टोप पाणीपुरवठा खात्याला दे.

हसा, हसा. तीही हसली होती, त्या दिवशी. बऱ्याच दिवसांनी. पण गंमत संपली त्याची, वेंडेल. यंदा तिनं स्पष्ट सांगितलं — ओहोटी उद्या संध्याकाळची आहे, आजपर्यंत ते धूड कोरडं कर, नाहीतर काढून टाक, मी व्हर्नाबरोबर जाते. व्हर्ना तिची बहीण. तिच्याकडे मोटारघर आहे, आत हीटर, संडास, टीव्ही. तीन वाजता न्यायला येणार आहे. गेल्या वर्षीही गेल्या दोघी. मला नाही घेत, मी घोरतो, आणि कुत्रीला बंदी आहे गालिच्यामुळे. म्हणजे आज तुम्ही हा टोप नेलात की रोझली दरवर्षी व्हर्नाच्या मोटारघरातच. तुम्ही नाही नेलात तरी तेच. मला त्याचं काही नाही. मोटारघर चांगलं आहे. माझे पाय गार असतात ही तिची तक्रार लग्नापासूनची, आणि हौद्यात पाय ठेवायला दुसरी जागा नाही, तिच्या पोटऱ्यांशिवाय. ती ओरडायची आणि ठेवू द्यायची. मोटारघरात वेगवेगळे पलंग आहेत.

तिची उशी मी आत तशीच ठेवायचो. चाचणीसाठी. वजन तेवढंच हवं गादीवर — नाही, उशीला कसलं वजन, बरोबर आहे तुमचं. काल रोझली ती घरात घेऊन गेली.

असो. तर तोट्याची गोष्ट सांगितली, आता टोपाच्या बाजूची पण सांगतो, प्रामाणिकपणे. तीनदा हा गळला नाही. तीन वर्षांत तीन. वहीत खूण केलीय. एक, फेब्रुवारीत, वादळ होतं, अडीच इंच — आठही कोरडे. कागद मांडून मी स्पोकॅनला गेलो होतो, चुलत्याच्या मयताला. दुसरा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, दोन दिवस धो धो. कोरडे. तिसरा, गिरणीत जादा पाळी होती. म्हणजे नेमकं मी नसताना. पुढे लिहिलंय — "कारण समजत नाही. कदाचित वाऱ्याची दिशा." नशीबच म्हणायचं, पकडायला बसलं की गळतो आणि पाठ फिरवली की नाही. काही चोर असतात तसे.

ते तुमच्या गाडीत कोण आहे, बायको का? सांगितलं असतंत तर आत बोलावलं असतं. आणि मागे दोन कुत्रे — केवढाले आहेत हो. अहो, पण काचा बघा काय झाल्यात, आतलं धड काही दिसत नाही. तिला बाहेरचं काय दिसत असेल. नाही, ते पावसाचं नाही, वेंडेल, पाऊस बाहेर आहे, काचा आतून ओल्या आहेत. तोंडाची वाफ ती. एक माणूस, दोन ओले कुत्रे, आणि गरम कॉफी दिसतेय हातात, सगळं बंद — वाफ जाणार कुठे? वर जाते, गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं, आणि पडतं खाली थेंब थेंब. साधी गोष्ट आहे. बिचारीच्या मानेत पडत असेल. सांगा तिला, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली कर, पाच मिनिटांत सगळं को—

थांबा.

जरा थांबा हं. बोलू नका.

लाल पाणी. — नाही, तुम्हाला नाही म्हणत. — बाहेर लाल, आत पांढरं. स्पोकॅन. गुडघा. — आज मी अकरापासून कुठे होतो? तुमच्यासमोर, नाही, तुमची वाट बघत, खिडकीशी. पावणेतीन तास. पहाटेपासून आत गेलोच नाही. कागद सकाळी सातला मांडले मी, हात लांब करून, आणि दार लावलं. मफिन स्वयंपाकघरात आहे. शेगडी या कपाटात आहे.

सरका. छत्री नको. सरका जरा, कडी या बाजूला आहे. असा हात आत घालून — एक. दोन. हा चौथा, तिसरा पलीकडे आहे. तुम्ही बघा हात लावून, माझे हात पावसात भिजलेत, माझ्या हातावर विश्वास नाही माझा. हात पुसा आधी. सातवा. आता तो कोपऱ्यातला, आकडा आठ. दोन बोटांनी धरा. नीट धरा. काय? पुन्हा सांगा.

रोझली. रोझली, जरा बाहेर ये. नाही, विकला नाही. चहा नको त्यांना, ते निघालेत. तू उशी घेऊन ये. हो, तीच. आणि तो लांब स्क्रूड्रायव्हर, मला ती भोकं पुन्हा — अगं सांगतो, आधी ये तर. व्हर्नाला फोन कर. कर म्हणजे कर, मी पाया पडतो, काय हवं ते सांग तिला.

वेंडेल, तुम्ही अजून इथेच? टोप विकायचा नाही. लांबून आलात, कबूल आहे, पण तो विकायचा नाही. जाताना फाटक ओढून घ्या. आणि काचा खाली करा, बायको ओली होतेय तुमची.

"रविवार, पंधरा ऑक्टोबर. मुक्काम किनाऱ्यावर. पाऊस रात्रभर, पाऊण इंच. वारा पश्चिमेचा. हौद्यात माणसं दोन, कुत्री एक, शेगडी नाही. दोन्ही काचा चार बोटं उघड्या, खालची भोकं मोकळी. सकाळी सहा वाजता रोझलीचा उजवा कान: कोरडा. तक्रार: एक, माझे पाय."