जाड पिनांचं यंत्र

दगडोबा : पुन्ना सांग. कानाशी येऊन सांग. काय बंद झालं?

ईरण्णा : (त्यांच्या कानाशी ओरडून) तुमच्या कानाच्या यंत्राचं मॉडेल बंद झालं, अप्पा! कंपनी ह्याचा डबीपासनं कानापर्यंतचा दोर आता बनवीतच न्हाय!

दगडोबा : यंत्र घेऊन दोन वर्सं न्हाय झाली. मग ही तुझ्या दुकानात टांगलेली दोरी कशाची?

ईरण्णा : नव्या मॉडेलची! तिच्या पिना बारीक. तुमच्या डबीत घातली की गळून पडती, हे बगा की!

दगडोबा : पिना बारीक करून कुणाचं भलं झालं?

ईरण्णा : कंपनीचं! डबी ठणठणीत हाय. तुटतो तो दोर, सदऱ्यात वाकून वाकून. तेवढ्यासाठी अख्खं यंत्र नवं घ्या म्हणतात. सोलापुरात समदी दुकानं हिंडलो, कुठंच न्हाय.

दगडोबा : म्हंजे तुमी समदे एक झालात. आरं, कडब्याचा बंद कुठल्याबी पेंढीला बसतो! कस्तुरा, हा हसला का गं? काय म्हणला माझ्याबद्दल?

कस्तुराबाई : काय न्हाय म्हणला! ईरण्णा, तुमी मनावर घेऊ नका. कान गेल्यापसनं ह्यांचा कुणावर इस्वास न्हाय. म्या भाकरी थापताना व्हट हलवले तरी इचारतात, मला काय म्हणलीस.

दगडोबा : उद्या दूध सोसायटीची सभा हाय. चेअरमन म्या. यंत्र आजच पायजे. पर नवं घेणार न्हाय. त्याच्या पिना उद्या जाड करतील, लबाड कुठले!

ईरण्णा : बसा मग! नव्या दोराच्या डबीकडच्या पिनाच छाटतो अन् तारा डबीत आतून डाग देऊन जोडतो! बटणाकडचं टोक नीट बसतंय, बटण कानातच ऱ्हाऊ द्या!

कस्तुराबाई : ईरण्णा, हळू बोलते. जमत न्हाय म्हणून सांगा की त्यास्नी.

ईरण्णा : का वो अक्का? जमतंय की.

कस्तुराबाई : उद्या नवा चेअरमन बसवायलेत.

ईरण्णा : कुणी ठरवलं?

कस्तुराबाई : गेल्या सभेत. यंत्र तवाच खरखरत व्हतं. चेअरमन बदलायचा, कबूल असंल त्यांनी हात वर करा म्हणले. समद्यांनी केले. ते बघून ह्यांनी बी केला.

ईरण्णा : अरं देवा! अन् त्यास्नी पत्ता न्हाय?

कस्तुराबाई : माझा भाचा व्हता तिथं, त्यानं सांगितलं. मला सांगवंना. दुष्काळात दारोदार हिंडून सोसायटी उभी केली वो ह्यांनी. उद्या तोंडावर बहिरा म्हणतील. निदान ऐकू तरी यायला नगं. जीव तुटतो माझा.

ईरण्णा : अक्का... डाग कवाच बसलाय. डबी चालू हाय.

कस्तुराबाई : कवापसनं?

दगडोबा : तू हळू बोलते म्हणलीस, तवापसनं.

कस्तुराबाई : अवं, म्या...

दगडोबा : त्या सभेत मला वाटलं, जनावरांच्या छावणीचा चारा मंजूर झाला. म्या टाळ्या बी वाजवल्या, कस्तुरा.